जर्मनीतलं पहिलं मत

आमच्या घरात मत द्यायचा अधिकार मला आणि राजकारणाचा उत्साह ह्यांना, अशी वाटणी कित्येक वर्षं चालली होती. मी जर्मन पासपोर्ट घेतला तो मालविका शाळेत जायला लागली तेव्हाच. व्हिसाच्या रांगांचा कंटाळा आला होता, दुसरं काही उदात्त कारण नव्हतं. माझे यजमान उल्हास मात्र भारताचा पासपोर्ट सोडायला तयार नव्हते. "काम करतो, कर भरतो, आणखी काय पाहिजे ह्यांना माझ्याकडून?" असं म्हणायचे. त्यामुळे निवडणूक आली की मी शाळेत जाऊन मत द्यायचे आणि हे बाहेर फुटपाथवर उभे राहायचे. मी बाहेर आले की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नीट फुली मारलीस ना? वर्तुळाच्या बाहेर नाही ना गेली?" मला इतका राग यायचा. दातांच्या दवाखान्यात मी तीस वर्षं लोकांच्या अपॉइंटमेंट्स लिहिल्या, एक फुली मला मारता येणार नव्हती होय.

पण पक्षाला परदेशी माणूस सदस्य म्हणून चालतो. ड्युसेलडॉर्फच्या पंपांच्या कंपनीतून हे निवृत्त झाले आणि मला वाटलं आता बाग करतील, निदान गॅरेज तरी आवरतील. ह्यांनी गावातल्या पक्षाच्या शाखेत नाव घातलं. गाव आमचं लहान, ड्युसेलडॉर्फपासून एस-बान लोकलनं अर्ध्या तासावर. दर शनिवारी बाजारात पक्षाचा इन्फोस्टँड लागतो, तिथे हे पेनं आणि फुगे वाटत उभे. निवडणूक आली की शिडी घेऊन खांबाखांबावर पोस्टर बांधायला हे. मीटिंगची कॉफी हेच करणार आणि कप धुऊन कपाटात लावणारही हेच. घरी स्वतःचा कप उचलून सिंकमध्ये ठेवल्याचं मला आठवत नाही. पक्षात सगळे ह्यांना 'उल्ली' म्हणायचे. माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी पहिलं मला बोल लावला असता.

मालविका आमची एकुलती एक. राजकारण तिनं ह्यांच्याकडूनच घेतलं. शिकली आखनला, नोकरी ड्युसेलडॉर्फला नगररचनेत, आणि राहायला लग्नानंतरही आमच्याच गावात, सायकलवर दहा मिनिटांवर. गेल्या वेळी ती नगरपरिषदेत निवडून आली होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मराठी बोलायला लागली की समजावं, काहीतरी हवं आहे किंवा काहीतरी बिनसलं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती फराळाला आली आणि चकली तोडता तोडता मराठीत म्हणाली, "आई, बाबा, मला ब्युर्गरमाइस्टर व्हायचंय."

गावाचे ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नव्हते. आधी पक्षातल्या सदस्यांची सभा, तिथे गुप्त मतदानानं पक्षाचा उमेदवार ठरणार. मग गावाची निवडणूक. त्यात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. तिनं हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं, जसं काही ह्यांना ते पाठ नव्हतं. हे ऐकत होते. हातातला लाडू तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, "माझी सगळी कागदपत्रं काढून दे. मी आइनब्युर्गरुंगचा अर्ज करतोय."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं सगळ्यांनी सांगून झालं, तेव्हा नागरिक व्हायचं सुचलं नाही. आता सत्तरीला?"

"मला तिला मत द्यायचंय."

"एका मतासाठी?"

"प्रत्येकाला एकच असतं," हे म्हणाले आणि चष्मा शोधायला गेले.

भारतात ह्यांनी आयुष्यात एकदाच मत दिलं होतं, साताऱ्याला, कॉलेज संपताना. त्यानंतर इकडे आले ते आलेच. म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मतांसाठी उन्हापावसात उभा राहिलेला हा माणूस स्वतः कुठेच मतदार नव्हता. मी त्यावरून ह्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. त्या सकाळी मात्र माझी जीभ उचलली नाही.

अर्जाचं काम इथे मुंगीच्या पावलानं चालतं. परीक्षा झाली, तिथे कॉलेजच्या पोरांमध्ये हे सुटाबुटात जाऊन बसले आणि सगळी उत्तरं बरोबर आणून आले. ते पक्षात ज्याला त्याला सांगून झालं. साताऱ्याहून थोरले भाऊ पद्माकर फोनवर म्हणाले, "म्हणजे आता तू तिकडचाच." हे नुसतं "हं" म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे होते. पण अर्ज मागे घेतला नाही.

आणि मग जानेवारीत ती सभा आली, अजून अर्ज कचेरीत पडलेला असताना.

सभेचा नियम असा की उमेदवार ठरवताना, गावाच्या निवडणुकीत ज्याला मताचा अधिकार आहे त्याच सदस्यानं मत द्यायचं. एरवी पक्षाचा अध्यक्ष निवडायचा असेल तर सगळे सदस्य मत देतात, हेही देत. पण उमेदवारासाठी नाही. हे ह्यांना ठाऊक होतं. आधीच्या अशा सभांना हे मागे कॉफीच्या थर्मासपाशीच बसलेले असायचे.

त्या दिवशी दारात फ्राऊ लिंडनर बसल्या होत्या, पक्षातल्या जुन्या बाई. नाव तपासून मतदानाचं कार्ड द्यायचं त्यांचं काम. ह्यांच्या परीक्षेची कहाणी त्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की त्यांना वाटलं, नागरिकत्व मिळूनही गेलं. "आल्झो उल्ली, आता तू आमच्यातला," म्हणून त्यांनी कार्ड ह्यांच्या हातात ठेवलं. मागे रांग होती. ह्यांनी कार्ड घेतलं, आत गेले आणि लेकीला मत दिलं.

मालविका जिंकली. समोर डिर्क हाउसमान होता, पक्षातला जुना माणूस, फायर ब्रिगेडमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा, आणि त्याला तिनं थोड्याच मतांनी का होईना, पण हरवलं. घरी आले तेव्हा हे हवेत होते. मी कौतुकानं विचारलं, काय काय झालं. सगळं सांगितलं, भाषणं, टाळ्या, डिर्कचा पडलेला चेहरा. कार्डाचं तेवढं सांगितलं नाही.

नागरिकत्वाचं पत्र मार्चमध्ये आलं. समारंभ झाला, मालविका फुलं घेऊन आली, तिनं बापाला मिठी मारली आणि "एंडलिश, बाबा" म्हणाली. म्हणजे एकदाचं. आता आपल्याकडे आनंदाची गोष्ट झाली की तोंड गोड करतात. मी घरी पेढे केले, दुधाची पावडर आणि केशर घालून, छान झाले होते. त्याच संध्याकाळी पक्षाची मासिक मीटिंग होती. हे डबा घेऊन गेले. मीही सोबत गेले, कारण पेढे म्हणजे काय हे त्या लोकांना ह्यांनी समजावलं असतं तर रात्र झाली असती.

सगळ्यांना पेढा वाटून झाल्यावर हे उभे राहिले. म्हणाले, "मित्रांनो, आज मी जर्मन नागरिक झालो. आमच्याकडे अशा दिवशी तोंड गोड करतात." टाळ्या पडल्या. फ्राऊ लिंडनरनी पेढा अर्धा खाल्ला होता. त्यांनी विचारलं, "आज? आजच?"

"आज सकाळी," हे अभिमानानं म्हणाले.

टाळ्या थांबल्या. डिर्कच्या शेजारी बसलेल्या माणसानं पेढा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग जानेवारीत तू मत कसं दिलंस?"

मला काही कळेना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं होतं, डोळे तेवढे बदलले होते. मग मी मीटिंगला आलेल्या मालविकाकडे पाहिलं. तिला लगेच सगळं समजलं होतं.

एक मत काढून टाकलं तरी तीच जिंकत होती, हे सगळ्यांना मान्य होतं. पण वकील म्हणाले, उद्या विरोधी पक्षानं ह्यावर बोट ठेवलं तर उमेदवारीच बाद होईल, धोका नको. सभा पुन्हा घ्यायची ठरली. गावच्या पेपरात बातमी आली, साधी चार ओळींची, पण खाली लोकांनी जे लिहिलं ते साधं नव्हतं. ही माणसं अख्खं कुटुंब घेऊन येतात आणि मतं टाकतात, अशा तऱ्हेचं. चाळीस वर्षांत मला ह्या गावात कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. त्या आठवड्यात बेकरीत ब्रेड घेताना मी मान खाली घालून उभी होते. संताप येत होता, आणि संताप नेमका कुणावर करायचा ते कळत नव्हतं.

मालविका आमच्याकडे आली, बसली नाही. कोट अंगात तसाच. तिनं बापाला मराठीत विचारलं, "बाबा, तुला माहीत होतं?"

मी देवाला हात जोडले, की हे नाही म्हणोत. विसरलो म्हणोत. म्हातारा माणूस, कुणीही विश्वास ठेवला असता.

"माहीत होतं," हे म्हणाले. "लिंडनरनं कार्ड हातात दिलं. मला परत द्यावंसं वाटलं नाही."

"का?"

"तुझं नाव होतं त्यावर. मतपत्रिकेवर. मी पहिल्यांदाच बघितलं, छापलेलं."

मालविकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मायेचं नव्हतं. "मी तुझ्याशिवायही जिंकले होते, बाबा," ती म्हणाली. "गेनाऊ, नेमकं हेच मला सहन होत नाहीये. तुझ्या मताची गरजच नव्हती."

  मी म्हटलं, "अगं, चूक झाली माणसाकडून." तिनं मला हातानंच थांबवलं.

"पुढच्या सभेला येऊ नकोस," ती त्यांना म्हणाली. "आता तुला अधिकार आहे, मला माहितीये. पण तू तिथे दिसलास की सगळे तेच बोलणार. बिटं, बाबा."

बिटं म्हणजे कृपा करून. बापाला कृपा करून येऊ नकोस म्हणायची वेळ तिच्यावर आली, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणजे ह्यांना जिथे खरोखरीचा अधिकार मिळाला होता, त्या सभेच्या दिवशी हे घरी बसले. सकाळपासून गॅरेज आवरत होते. संध्याकाळी मालविकाचा फोन मला आला. ती हरली होती, आणि बऱ्याच मतांनी. नगरपरिषदेच्या उमेदवारांच्या यादीतूनही तिनं नाव काढून घेतलं. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. ह्यांच्या हातात पोस्टर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा होता. तो त्यांनी नीट खोक्यात ठेवला, खोकं फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "मी आत येतो जरा वेळानं."

त्यानंतर मालविका आमच्या घरी आली नाही. फोन यायचा, तो माझ्या मोबाइलवर. "बाबा बरा आहे ना?" एवढं विचारायची. ह्यांना दे म्हटलं की "आत्ता घाईत आहे." आणि हे समोरच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायचे, पेपर वाचल्यासारखं करत. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, तुम्हीच करा ना तिला फोन." तर म्हणाले, "तिला वाटेल तेव्हा ती करेल. मी कोणत्या तोंडानं करू?"

जूनमध्ये भारताचा पासपोर्ट जमा करायचं काम झालं. त्यावर रद्दचा शिक्का मारून तो परत देतात. येताना गाडीत ह्यांनी तो मांडीवर धरला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चला, आता तुम्ही पूर्ण इकडचे." हे म्हणाले, "हो. काम झालं." कसलं काम आणि कुणासाठी, हे दोघांनाही माहीत होतं.

उन्हाळाभर पोरगी डिर्कच्या प्रचाराला उभी राहिली. पक्ष म्हणजे पक्ष, असं तिचं म्हणणं. बाजारात मला ती दिसायची, डिर्कच्या शेजारी, डिर्कचा चेहरा छापलेली पत्रकं वाटताना. हसत असायची. मी तिची आई आहे, ते हसणं कुठून ओढून आणलेलं आहे ते मला दिसत होतं. आणि हे? एक दिवस पहाटे उठून बाहेर जाताना दिसले. म्हटलं, कुठे निघालात? तर पिशवीत डिर्कची पत्रकं. पक्षाच्या कचेरीबाहेर गठ्ठे ठेवलेले असतात, त्यातला एक उचलून आणला होता. लोक उठायच्या आत घरोघरच्या पेट्यांत टाकून यायचे. कुणी बघू नये म्हणून. गुडघे दुखायचे, तरी जिने चढायचे.

"तुम्हाला डिर्क इतका आवडायला लागला?" मी विचारलं.

"ती करतेय ना काम त्याचं," हे म्हणाले.

सप्टेंबरात निवडणूक झाली. पहिल्या फेरीला हे मत द्यायला गेले नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मी एकटीच गेले. त्या कागदावर पाच नावं होती, आणि माझी पोरगी त्यात नव्हती. फुली मारताना माझाच हात जड झाला, म्हणून मी ह्यांना घरी येऊन काही बोलले नाही. डिर्कला निम्मी मतं पडली नाहीत. दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, डिर्क आणि समोरच्या पक्षाचा माणूस.

त्या दोन आठवड्यांत पक्षाची तारांबळ उडाली. दारोदार जाऊन लोकांना पुन्हा मताला बाहेर काढायचं म्हणजे सोपं नाही, निम्म्यांना वाटतं निवडणूक संपली. मालविकाचा फोन आला. "आई, बाबाला सांग, ह्या वेळी जा म्हणावं. एकेक मत महत्त्वाचं आहे." मी फोन स्पीकरवरच ठेवला होता. हे मान डोलावून मलाच म्हणाले, "जाईन म्हणावं."

मालविकानं स्वतः त्या दिवशी मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून नाव दिलं होतं. पक्षाच्या लोकांत बसून निकालाची वाट बघण्यापेक्षा ते तिला बरं वाटलं असणार. आमच्याच शाळेतलं केंद्र, दुपारची पाळी. हे ऐकून ह्यांनी ठरवलं, सकाळीच जायचं. "तिला माझं ओळखपत्र तपासायला लागायला नको," म्हणाले.

रविवारी सकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वर जाकीट. केंद्रावर फारसं कुणी नव्हतं. टेबलावरच्या मुलानं ह्यांचं नवंकोरं ओळखपत्र पाहिलं, यादीत नाव पाहिलं आणि मतपत्रिका दिली. हे पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. मी माझं मत देऊन बाहेर आले तरी हे आतच. दोन नावांत एक फुली, किती वेळ लागतो? टेबलावरचा मुलगा घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी आले, घडी घातलेला कागद पेटीत टाकला आणि सगळ्यांना "डांके" म्हणत धन्यवाद दिले.

वाटेत मी मुद्दामच विचारलं, "नीट फुली मारलीत ना?"

"मारली," म्हणाले. हसले नाहीत.

मतमोजणी इथे त्याच खोलीत होते, सहा वाजता दार बंद न करता, आणि कुणीही जाऊन बघू शकतं. मी मालविकासाठी थालीपिठाचा डबा घेऊन गेले होते. घरी येत नाही तर निदान तिथे खाईल, एवढाच माझा डाव. पहिलीच्या मुलांच्या छोट्या खुर्चीवर मी भिंतीशी बसले. सकाळच्या पाळीचे लोकही परत आले होते. मोजायला सगळेच लागतात. टेबलं जोडली, पेटी उलटी केली, कागदांचा ढीग झाला. सगळे एकेक कागद उलगडून दोन गठ्ठ्यांत लावायला लागले. मालविकाच्या हाताला चांगला वेग होता.

मग तिचा हात थांबला.

तिनं कागद पुन्हा घडी केला, पुन्हा उघडला. मी जागेवरून उठून दोन पावलं पुढे गेले. वर दोन छापील नावं होती, दोन्हींसमोरची वर्तुळं कोरी. खाली मोकळ्या जागेत निळ्या पेनानं एक वर्तुळ काढलं होतं, गोल, इंजिनियरच्या हातचं, त्यात फुली मारली होती. आणि समोर देवनागरीत लिहिलं होतं, मालविका.

 त्या गावात ही लिपी लिहिणारी मतदार माणसं दोनच होती, आणि त्यातली एक मी होते.

केंद्रप्रमुखानं कागद तिच्या हातातून घेतला. "हे काय? थाई?" त्यानं विचारलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "चित्र असेल."  प्रमुखानं तिला विचारलं, "तुला वाचता येतं का?"

"नाइन, नाही येत," ती म्हणाली.

वाचता येत होतं. ते नाव तिला बापानंच शिकवलं होतं, बाथरूमच्या वाफ धरलेल्या आरशावर बोटानं लिहून. पुढची मुळाक्षरं ती कधी शिकली नाही, पण तेवढं नाव तिला येत होतं.

अशा शंकेच्या मतपत्रिकेवर तिथे बसलेल्या सगळ्यांनी हात वर करून निर्णय घ्यायचा असतो. प्रमुखानं कागद सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "उनग्युल्टिश. बाद. कोण कोण सहमत?" एकेक हात वर झाला. मालविकाचा हात टेबलावर होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही उठून जाईल. तिनं हात वर केला. प्रमुखानं कागदावर मागे काहीतरी लिहिलं आणि तो बाजूला ठेवला. ती पुढचा कागद उलगडायला लागली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हातांत कागद होते.

काम संपल्यावर ती बाहेर आली. तिचा मोबाइल एकसारखा वाजत होता. डिर्क जिंकला होता, आणि सरळ जिंकला होता. पक्षाचे लोक तिला जल्लोषाला बोलावत होते. माझ्याही फोनवर दोघातिघांचे अभिनंदनाचे मेसेज, तुमचा पक्ष आला म्हणून. माझ्या पोरीची जागा होती ती. तिच्या नावानं त्या दिवशी गावभर टाळ्या पडल्या असत्या. मी ते मेसेज न वाचताच पुसून टाकले.

"घरी चल," ती मला मराठीत म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा हे टीव्हीसमोर होते. मालविकाला दारात पाहून उठून उभे राहिले. किती महिन्यांनी बघत होते तिला. काय करावं ते न कळून त्यांनी टीव्ही बंद केला.

"तू दुपारची होतीस ना?" त्यांनी विचारलं.

"मोजायला सगळे असतात, बाबा."

ह्यांना ते माहीत नव्हतं. कुठून असणार? केंद्रावर कामाला बसायलाही नागरिक असावं लागतं. ह्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "म्हणजे तो कागद... तू पाहिलास?"

"मीच उघडला."

"आणि?"

"हात वर करावा लागला. मीही केला."

"करायलाच हवा होता," हे पटकन म्हणाले. "नियमच आहे तो. बरोबर केलंस." मग हळूच म्हणाले, "मी खरंच डिर्कला द्यायला गेलो होतो गं. आत गेल्यावर हात चालेना. म्हटलं, तिथे कुणाला वाचता येणार आहे? बाजूला टाकतील, संपलं."

मालविका कोट न काढताच ह्यांच्या शेजारी बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्या दोघांसमोर ते नको होतं.

"पुढच्या वेळी देईन," हे म्हणाले. "पाच वर्षं काय, अशी जातील. आता तर माझं सगळं कायदेशीर आहे."

"बाबा, पाच वर्षांनी डिर्कच उभा राहणार. जिंकलेल्या माणसाला पक्ष बदलत नाही."

"मग त्याच्यानंतर."

"नाही, बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, रागाचा मागमूस नव्हता. त्यामुळेच मला कळलं की ती खरं बोलते आहे. "मी परत उभी राहणार नाही. कशालाच नाही. माझं झालं."

 मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं, खरंच माहीत नसल्यासारखं, "मग मी मत कुणाला द्यायचं गं?"

मालविकानं त्यांचा हात हातात घेतला.